करंडकाचं नाव कुणाचं?



गेल्या काही लेखांत आपण वाडे, देवळं, शाळा आणि नाटकं यांच्या आठवणी काढल्या. आज जरा मैदानाकडे वळू. विषय साधा वाटेल, पण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांशी त्याचा जवळचा संबंध आहे. जो पैसे देतो, त्याचं नाव स्पर्धेला द्यावं का?

१९८३ साली कपिल देवने लॉर्ड्सवर उचललेल्या चषकाचं अधिकृत नाव होतं प्रुडेन्शियल कप. १९७५ आणि १९७९ चे विश्वचषकही त्याच नावाने झाले. प्रुडेन्शियल ही इंग्लंडमधली विमा कंपनी. त्या वेळी आपण सगळे बिनदिक्कत 'प्रुडेन्शियल' म्हणत होतो, रेडिओवाले म्हणत होते, पेपरवाले छापत होते. आज नातवाला विचारा, तो म्हणेल, "आजोबा, एट्टी थ्रीचा वर्ल्ड कप." कंपनीचं नाव गळून गेलं. चषक राहिला, साल राहिलं, कपिल राहिला. पण असं प्रत्येक वेळी होतं असं नाही, म्हणून थोडा इतिहास बघू.

आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या करंडकापासून सुरुवात करतो. १९३४ साली सिमल्यात क्रिकेट मंडळाची बैठक झाली. प्रांतांच्या आणि संस्थानांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा घ्यावी असं ठरत होतं. पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनी पाचशे पौंडांचा सोन्याचा करंडक देऊ केला. पैसे पतियाळाचे, पण नाव त्यांनी सुचवलं रणजितसिंहजींचं, जे आदल्याच वर्षी वारले होते. पुढे राजकारण झालं. विजयानगरमच्या महाराजकुमारांनी व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा दुसरा करंडक पुढे केला. काही काळ स्पर्धा रणजीची की विलिंग्डनची, हेच ठरेना. शेवटी पहिल्या मोसमाची विजेती मुंबई ठरली आणि तिच्या हाती रणजी करंडकच पडला.

विचार करा, विलिंग्डन नाव पक्कं झालं असतं तर १९४७ नंतर ते पुसावंच लागलं असतं. सत्तेवर असलेल्या माणसाचं नाव त्याच्या खुर्चीइतकंच टिकतं. रणजींचं नाव टिकलं, कारण ते खेळाडूचं होतं. आणि पतियाळाचं नाव करंडकावर नसूनही इतिहास लिहिणारा प्रत्येक जण तो करंडक कुणी दिला हे सांगतोच. देणाऱ्याचा मान कुठेही कमी झाला नाही.

आता आपल्या गावांकडे येऊ. रणजी स्पर्धेत होळकर संघाने जो काळ गाजवला, त्याला इंदूरमध्ये आजही तोड नाही. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत दहा वेळा अंतिम फेरी, आणि त्यांतली चार विजेतेपदं: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. कर्नल सी. के. नायडू कप्तान, मुश्ताक अली सलामीला, सोबत चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध इंदूरला ८ बाद ९१२ धावा, एका डावात सहा शतकं!

तिकडे बडोद्याचा संघही कमी नव्हता. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात याच होळकरांविरुद्ध सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ केल्या. दोघांची ५७७ धावांची भागीदारी जवळजवळ साठ वर्षं जागतिक विक्रम म्हणून उभी होती. इंदूर आणि वडोदरा, दोन्हीकडच्या मराठी घरांत त्या सामन्याची गोष्ट वेगवेगळ्या सुरात सांगितली जाते, हे मी वेगळं सांगायला नको.

हे संघ कुणाच्या नावाने खेळत होते? राज्यकर्त्यांच्या. खेळाडूंना संस्थानात नोकरी द्यायची, त्यांनी मैदान गाजवायचं, नाव संस्थानाचं व्हायचं. नायडूंना फौजेतला हुद्दा होता तो याच पद्धतीतून. मग ही प्रायोजकता नव्हे का? होतीच. खजिना भरला होता तो रयतेच्या सारावसुलीतून, हेही खरं. राजेलोकांनी हौसेबरोबर प्रतिष्ठाही विकत घेतली. त्यामुळे 'पूर्वी सगळं निर्मळ होतं, कंपन्यांनी बिघडवलं' असं जे आपल्या कट्ट्यावर म्हटलं जातं, ते मला पटत नाही.

पण एक फरक आहे. १९४८ साली होळकर राज्य मध्य भारतात विलीन झालं. राज्य गेलं, तरी संघ १९५४-५५ पर्यंत होळकर याच नावाने खेळला. बडोदा राज्य १९४९ मध्ये मुंबई प्रांतात गेलं, पुढे गुजरात झाला, आणि बडोदा संघ आजही बडोदाच आहे. म्हणजे पैसे थांबल्यावर, सत्ता संपल्यावरही नाव चालू राहिलं, कारण तोवर ते गावाचं झालं होतं. हैदराबादच्या मोईन-उद्-दौला सुवर्णचषकाचंही तसंच. १९३०-३१ मध्ये एका नवाबाने दिलेला चषक. नवाबी गेली, निजामशाही गेली, चषकाचं नाव तेच.

कंपनीचं नाव थेट स्पर्धेला, ही पद्धत क्रिकेटमध्ये रूढ केली इंग्लंडने. १९६३ साली तिथे मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली तिला नाव मिळालं जिलेट कप. दाढीच्या पात्यांची कंपनी! १९८१ पासून तीच स्पर्धा एका बँकेच्या नावाने नॅटवेस्ट ट्रॉफी झाली. मग विश्वचषक: प्रुडेन्शियल बाहेर पडल्यावर १९८७ साली आपल्याकडे रिलायन्स कप, १९९२ ला बेन्सन अँड हेजेस, १९९६ ला विल्स.

हे सामने आपल्या दारातच झाले. रिलायन्स कपमध्ये इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर पावसामुळे तीस षटकांचा झालेला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामना, ऑस्ट्रेलिया तीन धावांनी जिंकली. त्याच स्पर्धेत हैदराबादला झिम्बाब्वेच्या हाउटनने १४२ करूनही त्यांचा संघ न्यूझीलंडकडून तीनच धावांनी हरला. विल्स कपमध्ये ग्वाल्हेरला भारत-वेस्ट इंडीज, तेंडुलकर ७०. वडोदऱ्याला आयपीसीएलच्या मैदानावर न्यूझीलंड-नेदरलँड्स.

आता यांतली दोन नावं पाहा. बेन्सन अँड हेजेस आणि विल्स, दोन्ही सिगारेटी. ज्या खेळात दम लागतो, त्याच्या सर्वोच्च चषकाला सिगारेटचं नाव, आणि तेव्हा त्यात कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं. भारतीय संघाच्या शर्टावरही विल्स होतं. २००१ मध्ये कंपनीने माघार घेतली, २००३ मध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा झाला. पण १९९६ ची स्पर्धा नोंदीत कायमची 'विल्स वर्ल्ड कप' म्हणूनच राहिली. शाळेतल्या मुलाला ती माहिती देताना आज आपण जरा अडखळतो, नाही का? १९९९ पासून मात्र आंतरराष्ट्रीय संघटनेने स्पर्धा स्वतःच्याच नावाने घेतली आणि चषकही कायमचा एकच केला. प्रायोजक भरपूर आले, पण मुख्य नावाच्या बाहेर उभे राहिले. पैसा कमी पडला असं कुणी म्हणणार नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रायोजक नकोतच म्हणणाऱ्यांनी १९८३ आठवावं. विश्वविजेत्यांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते. आपल्या इंदूरला जन्मलेल्या लतादीदींनी दिल्लीत कार्यक्रम केला, वीस लाखांच्या आसपास रक्कम उभी राहिली आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. गाणाऱ्या बाईने क्रिकेटवाल्यांसाठी पैसे उभे करावेत, ही त्यांची थोरवी आणि आपल्या व्यवस्थेची गरिबी. आज रणजी खेळणारा मुलगा नोकरी न करताही घर चालवू शकतो, तो या कंपन्यांच्या पैशामुळेच. हे उपकार नाकारणं कृतघ्नपणा होईल.

मग प्रश्न पैशांचा नसून नावाचा आहे. इथे मी माझ्या जुन्या पेशाच्या भाषेत बोलतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात खर्चाचे दोन प्रकार शिकवतात, भांडवली आणि महसुली. इमारत बांधली तर भांडवली, तिचा लाभ वर्षानुवर्षं मिळतो. जाहिरात केली तर साधारणपणे महसुली, ती त्याच वर्षाच्या नफातोट्यात खर्ची पडते. पतियाळाने सोन्याचा करंडक दिला, तो भांडवली व्यवहार. एकदा दिला, परत मागितला नाही, नव्वद वर्षं चालला. आजचा शीर्षक प्रायोजक जे देतो, ती जाहिरात आहे. तो स्वतःच्या हिशेबाच्या वह्यांतही ती जाहिरात म्हणूनच दाखवतो. मग जी गोष्ट त्याच्या वहीत एका वर्षात संपते, ती आपल्या विक्रमांच्या वहीत शंभर वर्षांसाठी का लिहायची?

आयपीएलचंच बघा. २००८ ला डीएलएफ, पाच वर्षांचे दोनशे कोटी. मग पेप्सी, पाच वर्षांचा करार पण तीन वर्षांतच निरोप. मग विवो, २०१८ ते २०२२ साठी २,१९९ कोटी. २०२० मध्ये गलवानची चकमक झाली, चिनी कंपनीचं नाव नको झालं, त्या वर्षापुरती २२२ कोटींना ड्रीम इलेव्हन आली. २०२१ ला पुन्हा विवो, २०२२ पासून टाटा. एकाच स्पर्धेला पाच नावं! लोकांनी यावर स्वतःच तोड काढली. सगळे नुसतं 'आयपीएल' म्हणतात.

भारतीय संघाच्या शर्टाची यादी तर कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याने डोळ्यांत तेल घालून वाचावी. सहारा पुढे अडचणीत आली. बायजूजकडची १५८ कोटींची बाकी वसूल करायला क्रिकेट मंडळाला दिवाळखोरी न्यायाधिकरणाकडे जावं लागलं. २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हनही उतरली. कंपन्या चढतात, पडतात, हा व्यापाराचा नियमच आहे. त्यात कुणाला दोष नाही. पण ज्याची पत पाच वर्षांनी काय असेल हे बँकसुद्धा छातीठोक सांगू शकत नाही, त्याचं नाव करंडकावर कोरायचं कशाला? शर्ट धुता येतो, बदलता येतो. कोरलेलं नाव निघत नाही.

याउलट उदाहरणही देतो, म्हणजे तोल राहील. मुंबईच्या कचेऱ्यांची क्रिकेट स्पर्धा टाइम्स शील्ड, हे तर सरळसरळ वर्तमानपत्राचं नाव. गोव्याच्या फुटबॉलमध्ये साळगावकर, धेंपो ही तर उद्योगघराण्यांचीच नावं. तरी ती कुणाला खटकत नाहीत. का? कारण ती टिकली. साळगावकर क्लब १९५६ पासूनचा. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं, आणि पणजी-वास्कोच्या माणसाला ते नाव खाणीचं किंवा कंपनीचं वाटत नाही, आपल्या संघाचं वाटतं. म्हणजे अडचण कंपनीच्या नावात नाही. अडचण भाड्याच्या नावात आहे. घरमालक आणि भाडेकरू यांत जो फरक, तोच. अर्थात मालकालाही कंटाळा येतोच. २०१६ मध्ये गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, आणि गोव्याच्या लोकांची जुनी ओळख राष्ट्रीय तक्त्यातून एका फटक्यात गेली. ही जोखीम त्यातही आहेच.

वडोदऱ्याचं मैदान घ्या. आयपीसीएल हा सार्वजनिक उद्योग होता, मैदान त्याच्या नावाने ओळखलं जाई. उद्योग रिलायन्सकडे गेला, मैदान रिलायन्स स्टेडियम झालं. जागा तीच, खेळपट्टी तीच, पण १९९६ चा सामना शोधायचा तर जुनं नाव आठवावं लागतं. इंदूरमध्ये उलटं घडलं. महाराणी उषाराजे ट्रस्टचं मैदान २०१० मध्ये होळकर स्टेडियम झालं. हेही बदललेलंच नाव, पण ते गावाच्या क्रिकेटशी जोडलेलं. २०११ साली सेहवागने तिथे २१९ केल्या, तेव्हा धावफलकाच्या नोंदीत 'होळकर' हा शब्द पुन्हा आला. ग्वाल्हेरचं मैदान हॉकीपटू कॅप्टन रूपसिंह यांच्या नावाचं. सचिनचं द्विशतक म्हटलं की त्यांचंही नाव निघतं. क्रिकेटच्या निमित्ताने का होईना, एका हॉकीपटूची आठवण जिवंत राहते. हे कुठल्या कंपनीने साधलं असतं?

आणि ऑस्ट्रेलियाचा धडा तर डोळ्यांत भरणारा आहे. तिथली रणजी म्हणजे शेफील्ड शील्ड, १८९२ पासूनची. लॉर्ड शेफील्डने दिलेल्या दीडशे पौंडांतून ती ढाल बनली. १९९९ मध्ये नाव बदलून दुधाच्या एका ब्रँडच्या नावावरून 'पुरा' असं केलं. शंभर वर्षांचं नाव बाजूला! नऊ मोसम तसे गेले, आणि २००८-०९ पासून पुन्हा शेफील्ड शील्ड. प्रायोजक तेव्हाही होताच, फक्त तो आपल्या जागी गेला.

आपल्या देशात सध्या साधारण मधला मार्ग आहे. रणजी करंडकाच्या आधी प्रायोजक बँकेचं नाव लागतं, पण 'रणजी' काढलेलं नाही. हजारे करंडक, मुश्ताक अली करंडक, सी. के. नायडू करंडक, सगळे तसेच. यांतले दोघे आपल्या इंदूरचे आणि एक वडोदऱ्याचा, हे लक्षात आलं का? २०२२ मध्ये मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली. होळकरांच्या शेवटच्या विजेतेपदाला तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. त्या रात्री राजवाड्यावर कुणाच्याही तोंडी प्रायोजकाचं नाव नव्हतं. सगळे 'रणजी' म्हणत होते, आणि म्हातारे 'होळकर' म्हणत होते.

आता शेवटचा आणि खरा मुद्दा, आपल्या घरचा. आपल्या प्रत्येक गावात महाराष्ट्र मंडळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव समिती आहे. तिथे खो-खो, कॅरम, बॅडमिंटन, कुस्ती, मुलांचं क्रिकेट. बहुतेक ढालींवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं असतं. कुणी शिक्षक, कुणी पहिलवान, कुणी तरुण गेलेला मुलगा. घरच्यांनी मुदत ठेव ठेवली आणि व्याजातून बक्षीस द्या म्हटलं. नव्वदीच्या सुरुवातीला दहा हजारांवर ११-१२ टक्क्यांनी हजार-बाराशे रुपये येत, स्पर्धा थाटात होई. आज साडेसहा टक्क्यांनी साडेसहाशे येतात. तेवढ्यात ढाल सोडा, चेंडूंचा खर्चही निघत नाही. मग गावातला बिल्डर किंवा नमकीनवाला म्हणतो, मी पन्नास हजार देतो, स्पर्धेला माझं नाव द्या. कार्यकारिणीतल्या तरुणांना मोह होतो, आणि त्यांचंही चूक नाही. स्पर्धा बंद पडण्यापेक्षा चालू राहिलेली बरी.

पण कै. अमुक हे आपल्याच वस्तीतले होते. आपले पूर्वज या गावात आले, राहिले, इथल्या मातीत मिसळले, याचा कागदोपत्री पुरावा आपल्याकडे फार थोडा आहे. अशा ढाली हाच पुरावा. ते नाव एकदा कपाटात गेलं की परत येत नाही.

म्हणून माझं सुचवणं साधं आहे. मूळ नाव आधी आणि कायम, प्रायोजकाचं नाव खाली, 'यांच्या सहकार्याने' म्हणून, फलकावर आणि पत्रिकेवर हवं तेवढं मोठं. ढालीवर, प्रमाणपत्रावर आणि नोंदवहीत फक्त मूळ नाव. मुदत लेखी ठरवावी, एक वर्ष किंवा तीन. गुटखा, तंबाखू, सट्टा यांचा पैसा कितीही मिळाला तरी घेऊ नये. आणि एखाद्याला कायमचं नाव हवंच असेल, तर त्याने वर्षाचा खर्च न देता पूर्ण भांडवल द्यावं, ज्याच्या व्याजात स्पर्धा पुढची पन्नास वर्षं चालेल. ते मात्र नव्या स्पर्धेला. जुन्याच्या पाटीवर नवी पाटी नको.

जुन्या ठेवी आटल्या असतील, तर त्या कुटुंबांना एकदा कळवा. नातवंडं पुण्यात, अमेरिकेत असतात, त्यांना आजोबांच्या नावाची ढाल आहे हे ठाऊकच नसतं. ठेवीत थोडी भर घाला असं सांगितलं तर बरेच जण घालतील. मागायला मात्र हवं.

तेव्हा मंडळी, या रविवारी आपापल्या मंडळाचं कपाट उघडा. ढालींवरची धूळ पुसा, कोरलेली नावं आणि सालं वाचा, आणि इथे खाली लिहा. बेळगाव, मडगाव, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, सगळ्यांकडून यादी आली तर आपल्या लोकांच्या खेळाचा एक चांगला दस्तऐवज तयार होईल. आणि पुढच्या बैठकीत नाव बदलण्याचा ठराव आला, तर ती यादी टेबलावर ठेवता येईल.